वहीतला आकडा पुढेच का सरकतो?

प्रश्न : पत्र लिहिणाऱ्या ताईंचं वय ४६. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, दोघांचा पगार जवळपास सारखा. घराचं कर्ज फिटलं आहे. मुलगी १८ वर्षांची, पुढच्या वर्षी शिकायला बाहेर जाणार. पहिल्या पगारापासून ताई एका वहीत पै-पैचा हिशोब लिहीत आल्या आहेत. घरात येणाऱ्या पैशातला निम्मा खर्च होतो, निम्मा शिल्लक पडतो. आजवर साठलेली पुंजी घराच्या २३ वर्षांच्या खर्चाइतकी आहे आणि ती सगळी बँकेच्या मुदत ठेवींमध्ये आहे. तरीही गरजेपलीकडचा छोटासा खर्च करताना त्यांचा जीव खालीवर होतो. आता ऑफिसने त्यांना आठवड्यातून पाचऐवजी तीन दिवस काम आणि त्या प्रमाणात पगार असा पर्याय देऊ केला आहे. शरीर थकलंय, मनातून हे हवं आहे, पण वही म्हणते, 'अजून दोन वर्षं'. मध्यंतरी बोलता बोलता लेकीकडून कळलं, की शाळेत असताना एका सहलीचा कागद तिने घरी दाखवलाच नव्हता. 'तू नाहीच म्हणणार होतीस, मग विचारून काय करायचं?' ताई ११ वर्षांच्या असताना त्यांच्या वडिलांचा धंदा बुडाला होता. ते दिवस त्यांनी नवऱ्याला किंवा लेकीला कधीच नीट सांगितलेले नाहीत. त्यांचे प्रश्न दोन : किती साठलं म्हणजे पुरे? आणि मी शहाणी आहे की कंजूष?

उत्तर :

ताई, पत्रासोबत तुम्ही वहीच्या एका पानाचा फोटो पाठवलात. लिहायला बसण्याआधी मी तो बराच वेळ बघत होते. वर 'एवढे झाले की थांबायचे' असं लिहिलंय आणि खाली १० हा आकडा, म्हणजे दहा वर्षांच्या खर्चाइतकी पुंजी. तो खोडून १५. तोही खोडून २०. मग २५. प्रत्येक आकड्याची शाई वेगळी आहे, अक्षरही थोडं थोडं बदलत गेलंय, पण खोडण्याची रीत तीच, पट्टी लावून मारलेली एक सरळ रेघ. चिडून किंवा घाईत खोडलेला एकही आकडा नाही. आणि चारही आकड्यांच्या पुढची जागा कोरी आहे. हे पैसे कशासाठी, कोणासाठी, कधीपर्यंत लागणार, याबद्दल एक शब्दही नाही.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या कोऱ्या जागेत आहे. 'किती साठलं म्हणजे पुरे?' असं विचारताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो, की अमुक एका आकड्यापाशी भीती आपोआप थांबेल. तुमच्या हातात तर याचा लेखी पुरावा आहे. तीनदा आकडा गाठला गेला. तीनदा भीती जागची हलली नाही, उलट आकडाच पुढे सरकला. मग २५ ला काही वेगळं घडेल असं कशावरून? दोन वर्षांनी त्या पानावर आणखी एक सरळ रेघ आणि ३० दिसेल, असं मला मनापासून वाटतं. हे मी तुम्हाला दुखवायला म्हणत नाही. त्या दोन वर्षांची तुम्ही जी किंमत मोजणार आहात, ती मला काळजीची वाटते म्हणून म्हणते.

शिलाई मशीनची गोष्ट तुम्ही पत्रात दोनच ओळींत उरकली आहे. दोन माणसं आली, आईचं मशीन उचलून घेऊन गेली, आणि जिथे ते असायचं तिथे फरशीवर त्याच्या पायांचे चार डाग राहिले. आई पुढे कितीतरी महिने त्या डागांच्या बाजूबाजूने केर काढायची. ताई, अकरा वर्षांच्या मुलीने ते डाग रोज बघितले असतील, तर तिने मोठेपणी वही सुरू केली यात नवल काहीच नाही. त्या वहीने तुमचं कर्ज फेडलं, लेकीच्या शिक्षणाची तजवीज केली, घरावर पुन्हा तशी वेळ येऊ दिली नाही. तिच्याबद्दल मी वाकडा शब्द काढणार नाही. फक्त एवढंच विचारते, की आज तुमच्या घरातून कोण काय उचलून नेणार आहे?

आता तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण तो तुम्हाला जास्त बोचतोय असं पत्रावरून दिसतं. कंजूष की शहाणी, असे दोनच कप्पे तुम्ही स्वतःसाठी ठेवलेत. स्कॉट रिक, सिंथिया क्रायडर आणि जॉर्ज लोवेनस्टाइन या संशोधकांनी २००८ मध्ये याच विषयावर एक लेख लिहिला. कमी खर्च करणारी सगळी माणसं एका जातीची नसतात, हे त्यांनी दाखवलं. काहींना पैसे वाचवण्यात खरोखर आनंद मिळतो. ती काटकसरी माणसं. दुसऱ्या काहींना वाचवण्याचा आनंद वगैरे काही नसतो, त्यांना पैसे हातातून सुटताना दुखतं. त्या दुखण्यापायी, स्वतःला जो खर्च करावासा वाटतो तोही ती माणसं करत नाहीत. बाहेरून दोघांचं वागणं सारखंच दिसतं, आत मात्र फार फरक आहे.

आपण यातले कोण, हे ओळखायची मला जमलेली रीत साधी आहे. एखाद्या खर्चाला 'नको' म्हणून झाल्यावर मनात काय उरतं ते बघायचं. समाधान उरलं तर ती काटकसर. नुसतं 'सुटलो बाबा' असं वाटलं तर ते दुखणं. तुम्ही लिहिलंय, 'नाही म्हटल्यावर छातीवरचं ओझं उतरतं, पण रात्री वाईट वाटत राहतं.' हे काटकसरी माणसाचं वाक्य नाही. कंजूष माणसाचं तर नाहीच, त्याला रात्री वाईट वाटत नाही. हे घाबरलेल्या माणसाचं वाक्य आहे.

ही भीती माणसाच्या घडणीतच थोडीफार असते. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं, की मिळाल्याचा आनंद आणि गमावल्याचं दुःख यांचं वजन सारखं नसतं. पुढच्या मोजमापांत गमावण्याचं वजन सुमारे दुप्पट निघालं. ज्याच्या बालपणी गमावणं घराच्या दारातून आत आलं होतं, त्याच्या बाबतीत हा काटा आणखी झुकत असेल, असं मला वाटतं. तुमच्या मनात प्रत्येक खर्च 'दिले' या रकान्यात न जाता 'गेले' या रकान्यात जातो.

आणखी एक अभ्यास तुमच्यासाठी मुद्दाम आठवला. पैशाने सुख वाढतं का, यावर बरीच वर्षं वाद होता. कानेमन आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये म्हटलं होतं, की रोजच्या जगण्यातलं सुख एका मिळकतीपर्यंत वाढतं आणि मग थांबतं. मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांना २०२१ मध्ये नेमकं उलट आढळलं, ते थांबत नाही. मग कानेमन, किलिंग्सवर्थ आणि बार्बरा मेलर्स एकत्र बसले आणि २०२३ मध्ये त्यांनी एकत्र निष्कर्ष छापला. बहुतेकांच्या बाबतीत मिळकतीबरोबर सुख वाढत राहतं. पण सगळ्यात दुःखी असलेल्या सुमारे पाचव्या हिश्श्यात वेगळंच दिसलं. त्यांचं दुःख पैसा वाढला तसं एका मर्यादेपर्यंत कमी झालं आणि तिथून पुढे हललं नाही. टंचाईतून येणारं दुःख पैशाने जातं, ते जायलाच हवं. त्यानंतर जे उरतं, त्यावर आणखी पैसा चालत नाही. तुमचं जे उरलंय ते या दुसऱ्या प्रकारचं आहे, असं मला वाटतं.

पण तुम्ही हिशोबाच्या बाई आहात. नुसत्या मनाच्या गोष्टींवर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसूही नये. म्हणून हिशोब करू. घराला एका वर्षाला जेवढं लागतं त्याला 'एक वर्षखर्च' म्हणू. तुमच्याकडे आज २३ वर्षखर्च आहेत. लेकीच्या शिक्षणाला तुमच्याच अंदाजाने ३ लागतील. ते आजच बाजूला काढा, राहिले २०. तुमचा हातात येणारा पगार १, यजमानांचा १, घरखर्च १. तुम्ही तीन दिवसांवर आलात तर तुमचा पगार ०.६ होईल. म्हणजे घरात येणार १.६, खर्च होणार १. ताई, कामाचे दोन दिवस कमी करूनही तुम्ही दर वर्षी ०.६ शिल्लक टाकणार आहात. पुंजीला हात लागणारच नाही, ती वाढतच राहणार.

साठाव्या वर्षापर्यंत १४ वर्षं आहेत. यजमानांचा पगार तोवर चालू राहिला आणि तुमची गुंतवणूक फक्त महागाईच्या बरोबरीने वाढली, त्याहून टिचभरही जास्त नाही, असं धरू. पाच दिवस काम केलंत तर साठीला ३४ वर्षखर्च जमतील. तीन दिवस केलंत तर २८. गुंतवणूक महागाईपेक्षा २ टक्के जास्त वाढली, तर पाच दिवसांचे ४२ आणि तीन दिवसांचे ३६. दोन्हीकडे फरक सहा वर्षखर्चांच्या आसपास. त्या सहांसाठी तुम्ही काय द्याल? आठवड्याचे दोन दिवस, १४ वर्षं. मी गुणाकार केला, तो १,४५६ दिवस निघाला. सुट्ट्या वजा केल्या तरी साडेतीन वर्षांच्या वर जागेपणीचे दिवस, तेही ४६ ते ६० या वयातले, जेव्हा गुडघे अजून साथ देतात.

यजमानांची नोकरी उद्याच गेली तर? हा प्रश्न तुम्ही पत्राच्या समासात लिहिलाय, म्हणजे तो तुम्हाला छळतो. तेही बघू. तेव्हा घरात ०.६ येतील आणि १ लागेल. दर वर्षी ०.४ पुंजीतून काढावे लागतील, म्हणजे २० चे दोन टक्के. गुंतवणूक महागाईपेक्षा दोन टक्के जास्त वाढत असेल तर पुंजी आहे तिथेच राहील. नुसती महागाईबरोबर वाढत असेल, तर १४ वर्षांत २० च्या जागी १४ उरतील. अडचण येईल, हात आखडावा लागेल, तुम्हाला पुन्हा पाच दिवस काम शोधावं लागेल कदाचित. पण मशीन उचलून न्यायला कोणी येणार नाही.

तुमचा २५ हा आकडा तुम्हाला कुठून मिळाला असेल, याचाही मला अंदाज आहे. विल्यम बेंजेन या अमेरिकी आर्थिक सल्लागाराने १९९४ मध्ये जुने आकडे तपासून सांगितलं होतं, की निवृत्तीच्या पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के रक्कम काढली आणि पुढे ती महागाईप्रमाणे वाढवत नेली, तरी ३० वर्षं पैसा पुरला. ४ टक्के म्हणजे उलट बाजूने २५ पट. तिथून हा २५ जगभर फिरला. पण तो हिशोब अमेरिकेतल्या शेअर आणि रोख्यांच्या परताव्यावर बेतलेला आहे, तो ज्यांची मिळकत पूर्ण थांबली त्यांच्यासाठी आहे, आणि सगळा पैसा बँकेत ठेवणाऱ्यांसाठी तर तो नाहीच. तुम्ही मिळकत थांबवणार नाही आहात. आठवड्याचे दोन दिवस कमी करण्यासाठी नोकरी कायमची सोडणाऱ्यांचा आकडा तुम्ही स्वतःला लावताय.

इथे एक गोष्ट थोडं कठोर होऊन सांगते. बाजाराच्या भीतीने सगळी पुंजी ठेवींमध्ये आहे आणि तिथे ती सुरक्षित आहे, असं तुम्ही लिहिलंय. बाजार पडला तरी मुद्दल कमी होत नाही, खरं आहे. पण महागाईही चक्रवाढीने वाढते. ७२ ला महागाईच्या दराने भागा. दर ६ टक्के असेल तर उत्तर १२ येतं, म्हणजे नुसत्या पडून राहिलेल्या पैशाची खरेदीची ताकद १२ वर्षांत निम्मी. ठेवीचं व्याज हा खड्डा बराचसा भरून काढतं, पण कर कापल्यावर पुष्कळदा काठोकाठ भरत नाही. ज्या पैशाला पुढची दहा वर्षं हात लावायचा नाही, त्याचा काही भाग, समजा एक तृतीयांश, कमी शुल्काच्या आणि सगळ्या बाजारात पैसा विभागणाऱ्या इंडेक्स फंडात जायला हवा. एका दिवसात नको. दोन-तीन वर्षांत, दर महिन्याला ठरावीक रक्कम. पडत्या बाजारात तुमची झोप उडणार हे मला माहीत आहे, म्हणूनच एक तृतीयांशाहून अधिक नको म्हणते. तुमच्या ठेवी तुम्हाला झोप देतात, आणि झोपेलाही किंमत आहे.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. अजून दोन वर्षं पाच दिवस काम, ही पहिली. ती निवडायला माझी हरकत नाही, पण अट एक : दोन वर्षांनी नेमकं काय बदललेलं असेल ते आज वहीत लिहा. 'जरा निवांत वाटेल' हे उत्तर चालणार नाही, गेली वीस वर्षं तुम्ही त्याचीच वाट बघताय. शिवाय ऑफिसचा हा पर्याय तेव्हा असेल याची खात्री कोण देणार? आणि लेक पुढच्या वर्षी जाणार आहे, ती दोन वर्षं थांबणार नाही. दुसरी वाट, नोकरी सोडूनच देणं. थकलेल्या माणसाला ती फार गोड वाटते. तुम्हाला मी ती सांगणार नाही. मिळकत शून्यावर आली तर तुमची भीती अशी उसळेल, की मोकळा झालेला सगळा वेळ वहीतच जाईल. तिसरी वाट, तीन दिवस. माझं मत स्पष्ट आहे, ती घ्या. घेण्याआधी ऑफिसकडून लेखी विचारून घ्या, की तीन दिवसांच्या कामात आरोग्य विमा, निवृत्तीचे लाभ आणि रजा यांचं काय होतं, आणि पुन्हा पाच दिवसांवर यायचं ठरलं तर दार उघडं आहे का. यात मोठी खोट निघाली तर माझा हिशोब बदलेल. विमा जात असेल तर घराचा स्वतंत्र विमा काढून त्याचा हप्ता खर्चात धरा.

आता त्या कोऱ्या जागेकडे. 'थांबायचे' या शब्दाखालचा आकडा यापुढे एकच ठेवू नका. त्याचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्यापुढे नाव आणि तारीख लिहा. लेकीचं शिक्षण, ३, अमुक सालापर्यंत. अडीअडचणीला, १, कधीही हाताशी, या पैशावर जास्त व्याजाचा मोह नको. म्हातारपणाची शिदोरी, १७, साठीनंतर. उरतो २. हे दोन वर्षखर्च तुमच्या कोणत्याही जबाबदारीला लागत नाहीत. त्यांच्यापुढे काय लिहायचं ते तुम्ही आणि यजमानांनी बसून ठरवायचं आहे. साठीच्या आधीची तारीख हवी, एवढं एकच बंधन मी घालते.

तारखेचा आग्रह का, ते सांगते. पैसा थांबू शकतो, थांबला तर वाढूही शकतो. बऱ्याच इच्छा मात्र नाशवंत असतात. शाळेची ती सहल आज तुम्ही दसपट पैसे मोजलेत तरी लेकीला परत मिळणार नाही. यजमानांना डोंगर चढायचे आहेत असं तुम्ही ओझरतं लिहिलंय, ते ५१ वर्षांचे आहेत. मातीकाम शिकायचं तुमच्या मनात कधीपासून आहे, त्याला मात्र हातात जोर असेपर्यंत मुदत आहे. म्हणजे या तीन इच्छांच्या मुदती तीन वेगळ्या आहेत, आणि वहीने त्या सगळ्या 'नंतर' या एकाच रकान्यात टाकल्या. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९४ मध्ये पश्चात्तापाचा अभ्यास मांडला, त्यात त्यांना दिसलं, की जवळच्या काळात माणसाला केलेल्या चुका जास्त टोचतात, पण आयुष्याकडे मागे वळून बघताना न केलेल्या गोष्टी जास्त सलतात. आजचा नकार आज बरा वाटतो तो त्यामुळेच, आणि वीस वर्षांनी सलतो तोही त्यामुळेच.

अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलं जातं आणि ते बरोबरच आहे. पण या म्हणीत 'पाहून' हा शब्द आहे. तुम्ही अंथरूण शेवटचं पाहिलं ते अकराव्या वर्षी. त्यानंतर ते कितीतरी लांब झालं, तुम्ही स्वतःच्या हाताने विणलंत, आणि अजून पाय पोटाशी घेऊन झोपता.

पाय एका दिवसात सरळ होणार नाहीत, म्हणून सवयीने करा. दर महिन्याला घरखर्चाच्या विसाव्या भागाइतकी रक्कम वेगळी काढा. ती त्या महिन्यात खर्च झालीच पाहिजे, साठवायची नाही, पुढच्या महिन्यात ढकलायची नाही. पहिले दोन-तीन महिने त्रास होईल. वही बंद करा असं मी अजिबात म्हणणार नाही, ती तुमची भाषा आहे. तिच्यात फक्त एक रकाना वाढवा. खर्चापुढे तारीख आणि रक्कम लिहिता तसंच 'सोबत कोण होतं' हे लिहा, आणि महिनाभराने मागे जाऊन त्यातलं काय आठवतंय त्यावर खूण करा. काही खर्च वाया गेलेले दिसतील. ते पुन्हा करू नका, त्यात तुमचा हात कोणी धरणार नाही. पण कुठे खर्च केल्याने खरोखर बरं वाटतं, हे तुम्हाला पहिल्यांदा आकड्यांत कळेल. रात्रीची झोप, छातीतली धडधड यांत काही महिन्यांनीही फरक पडला नाही, तर मात्र एखाद्या समुपदेशकाला भेटा. तिथे दिलेले पैसे डॉक्टरला दिलेल्या पैशांसारखेच आहेत.

हाच प्रश्न घेऊन हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं बोलते. तुमच्यावर जास्त व्याजाचं कर्ज असेल किंवा हाताशी तीन ते सहा महिन्यांचाही खर्च नसेल, तर तुमची भीती खरी आहे आणि तुमच्या बाजूची आहे. आधी कर्ज फेडा, गंगाजळी उभी करा. ताईंना दिलेलं उत्तर तुमच्यासाठी नाही. तुम्ही अशा घाबरलेल्या माणसाचे जोडीदार असाल, तर 'कंजूष' हा शब्द घरात वापरू नका, त्याने मूठ आणखी घट्ट होते. हात सैल असलेली आणि हात आखडता घेणारी माणसं पुष्कळदा एकमेकांशीच लग्न करतात, असं रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाच पुढे २०११ मध्ये आढळलं. तेव्हा हे भांडण फक्त तुमच्या घरात आहे असं समजू नका. भांडण्यापेक्षा, प्रत्येकाला न विचारता खर्च करता येईल अशी एक रक्कम ठरवून घ्या. ती दोघांची सारखी हवी.

ताई, शेवटचं काम पैशाचं नाही आणि ते आकडेमोडीच्याही आधी करायला हवं. शिलाई मशीनची गोष्ट तुम्ही मला सांगितलीत. मी तुमची कोणी नाही. ज्या मुलीने सहलीचा कागद दप्तरातच ठेवला, तिला ती माहीत नाही. आईला पैसे आपल्यापेक्षा प्यारे आहेत, असा अर्थ तिने इतकी वर्षं लावला असेल. तिला काही विकत आणून भरपाई करू नका. एखाद्या संध्याकाळी वही घेऊन तिच्याजवळ बसा, ते पान उघडा, तिन्ही रेघा दाखवा आणि ते चार डाग कसे दिसायचे ते सांगा. आई बाजूबाजूने केर कसा काढायची तेही सांगा. माफी मागायची घाई नको, तिला विचारू द्या. आणि त्या सहलीला सगळे कुठे गेले होते, ते तिच्याकडून ऐकून घ्या.

ऑफिसला या महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचंय असं तुम्ही लिहिलंय. विमा आणि रजेबद्दलचा लेखी प्रश्न उद्याच पाठवा, त्याचं उत्तर यायला आठवडा जाईल. मधल्या आठवड्यात तुम्ही दोघं मिळून त्या उरलेल्या २ पुढे काय लिहिता, ते मला जरूर कळवा.